संध्याकाळची घंटी

कौशल्याचा फोन रोज संध्याकाळी एकदाच वाजायचा आणि लगेच बंद व्हायचा. नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायची, तिथं हे सगळ्यांना ठाऊक होतं. दवाखान्यांच्या त्या गल्लीत गावोगावच्या पेशंटचे नातेवाईक जेवायला येत. उदबत्तीचा वास, फोडणीचा वास, कुणाच्या तरी अंगाला आलेला औषधाचा वास. त्या सगळ्यात फोन एवढासा वाजून गप्प झाला की शेजारी भाजी चिरणारी अनुसया म्हणायची, "आली वं तुझी घंटी. घे, लाजून घे थोडीशी."

"चूप बस," कौशल्या म्हणायची. कणकेचा हात पदराला पुसून तीही एक घंटी द्यायची, समोरून ती कापली गेली की पुन्हा लाटणं उचलायची.

घंटी तिच्या नवऱ्याची, नानाजींची असायची. एक घंटी म्हणजे जेवलो, ठीक आहे. तिची उलटी घंटी म्हणजे कळलं. उचलून बोलायचं काही नव्हतं, कारण नानाजींना बोलता येत नव्हतं. लकवा मारल्यापासून उजवं अंग लुळं पडलं होतं आणि सगळे शब्द गेले होते. उरला होता एकच, "हो". भूक लागली की हो, नको असलं तरी हो, राग आला की मोठ्यानं हो. घरातली माणसं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अर्थ लावत आणि बहुतेक वेळा चुकत. कौशल्याही चुकायची. पण फोन कधी चुकायचा नाही. बटणांच्या जुन्या फोनवर डाव्या अंगठ्यानं दोनचा आकडा दाबून धरायचा, एवढं तिनं त्यांना शिकवलं होतं, आणि ते त्यांनी अशा काही मन लावून शिकून घेतलं होतं, की तिला पूर्वीचे दिवस आठवावेत.

तांडापेठेतल्या त्यांच्या घरात तेव्हा हातमाग होता. नानाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि ती भिंतीला पाठ लावून रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. सून होऊन नुकतीच आलेली. घरभर माणसं, बायकोला हाक मारायची सोय नव्हती. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपत आली की नानाजी धोटा मागाच्या लाकडावर एकदा ठोकायचे. ती रहाटाच्या दांडीवर बोट वाजवायची आणि सूत भरलेली कांडी घेऊन उठायची. पुढे पुढे कांडी अर्धी भरलेली असतानाच टकटक व्हायला लागली. ती जवळ जाऊन बघायची, तर धोट्यात भरपूर सूत.

"काहून जी?"

"काही नाही," म्हणून नानाजी ताण्याच्या धाग्याकडे बघत राहायचे.

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? पुढे पॉवरलूमचं कापड आलं, माग मोडीत गेला, नानाजी इतवारीत कापडाच्या गाठी उचलायला जाऊ लागले, ती धंतोलीला. पोरं मोठी झाली. हेमराजचं लग्न झालं, मयुरी लग्न करून जर्मनीला गेली. जुनी टकटक संपली होती. ती पुन्हा सुरू झाली ती लकव्यानंतर, फोनमधून.

मयुरीला दिवस गेले तेव्हा कौशल्याला तिकडे बोलावणं आलं. मयुरीच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरं कुणी येण्यासारखं नव्हतं. तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. हेमराजनं सगळी धावपळ केली. भिवापूरच्या मिरचीचं तिखट, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा ओवा, सगळं बांधून झालं आणि शेवटी राहिला फोन.

हेमराज तिला घेऊन कोपऱ्यावरच्या विक्कीच्या मोबाइलच्या दुकानात गेला. विक्की त्याचा शाळेतला दोस्त. कौशल्याला बघताच त्यानं स्टूल पुसून पुढे केलं.

"बसा काकू. जर्मनीले चालल्या म्हणे? आता आमच्याशी मराठीत बोलाल की नाही?"

"तिथं कोणाशी बोलू बाप्पा? लेकीशीच बोलीन."

"तं मग पॅक कायले पायजे? लेक तं घरातच आहे."

विक्की हसला, कौशल्याही हसली. हेमराजला मात्र घाई होती. त्यानं आठवडाभर फोनवर सगळे प्लॅन बघून ठेवले होते. इथल्या कंपनीचा बाहेरदेशाचा पॅक घ्यायचा तर तो दहा दिवसांत संपतो. महिन्याचा घेतला तर त्यात बोलायची मिनिटं मोजूनमापून, आणि किंमत ऐकूनच घाम फुटावा अशी. इंटरनेटवाला वेगळा. ई-सिम म्हणावी तर आईच्या फोनमध्ये ती चालत नाही.

"सरळ गोष्ट आहे," हेमराज म्हणाला. "जावई तिथली सिम घेऊन ठेवून राहिले. आई उतरली की ते टाकून देतील. घरी वायफाय आहे. व्हिडिओ कॉल फुकट. बाबाले तोंडही दिसेल. इथली सिम काढून ठेवायची. ओटीपी वगैरे सगळे माझ्याच नंबरवर येतात."

"बरोबर आहे तुझं," विक्की म्हणाला. मग त्यानं कौशल्याचा फोन हातात घेतला, पिन टोचून सिमचा ट्रे बाहेर काढला. "पण काकू, दोन्ही सिम ठेवायच्या असतील तं ठेवता येते. दुसऱ्या जागी तुमचं मेमरी कार्ड आहे. ते काढलं की झालं."

कौशल्यानं ट्रेकडे पाहिलं. नखाएवढं काळं कार्ड. त्यात मयुरीच्या लग्नाचा व्हिडिओ होता. सगळा व्हिडिओ कुणी बघत नसे, तीही नाही. तिला त्यातली एकच जागा माहीत होती. पंगत उठते आहे, कॅमेरा इकडेतिकडे फिरतो आहे आणि मागून नानाजींचा आवाज येतो, "अवं, जेवली का तू? कवाची फिरून राहिली." चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. लकव्याच्या आधीचा. तो ऐकायला ती कधीकधी मेसच्या मागच्या पायरीवर जाऊन बसायची.

"कार्ड राहू दे," ती म्हणाली.

"फोनमध्ये कॉपी करून देऊ का? थांबा, पाहतो." विक्कीनं फोन बघितला. "नाही जमत, मेमरी फुल आहे. फोटो उडवावे लागतील."

"मले उडवाउडवी नाही पायजे. राहू दे जसं आहे तसं."

"आई, त्यात काय आहे एवढं?" हेमराजनं विचारलं.

"मयुरीचं लग्न आहे. तिथं पाहू आम्ही दोघी."

हेमराजला ते पटलं. कौशल्याच्या ओठावर मात्र एक प्रश्न येऊन थांबला होता. ही सिम तिकडे फोनमध्ये असली आणि कुणी नुसती घंटी मारली, उचललीच नाही, तर किती लागतात? विचारायला काय लागत होतं! पण मग विक्की म्हणाला असता, कोण घंटी मारते काकू? आणि शेजारी पोरगा उभा. तिनं पदर सारखा केला. एवढा महाग पॅक आहे, तर घंटी फुकट कशी असेल, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं. शिवाय हेमराज म्हणतो तेही खरं होतं. नुसत्या घंटीपेक्षा तोंड दिसलेलं काय वाईट?

विक्कीनं सिम काढून कागदात गुंडाळून दिली. तिनं ती कुंकवाच्या करंड्यात ठेवली आणि करंडा न्यायच्या सामानात.

निघायच्या दिवशी ती नानाजींच्या खाटेवर बसली. त्यांचा डावा हात हातात घेऊन हळू हळू बोलली.

"अजी, मी मयुरीकडे चालली. बाळ घेऊन येईन म्हणत नाही, पण पाहून येईन. तिथं घंटी नाही येणार. समजलं? माह्या फोनमध्ये तुमची घंटी नाही येणार. हेमराज व्हिडिओ लावून देईल, त्यात मी दिसीन. तुम्ही घंटी मारू नका. समजलं ना?"

"हो," नानाजी म्हणाले.

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दारात गाडी वाजली. हेमराज म्हणाला, "आई, चल."

जर्मनीत मयुरीचं घर एका उताराच्या रस्त्यावर होतं. दुपारभर एक चिटपाखरू दिसत नसे. बाळ झालं, मुलगी झाली, तिचं नाव उन्नती ठेवलं. कौशल्यानं मालिश केली, शेक दिला, मेथीची पेज केली, जावयाला ज्वारीची भाकरी खाऊ घातली. कामात दिवस कसा जायचा ते कळायचं नाही. पण तिकडची दुपार कलू लागली, की नागपुरात दिवेलागण झालेली असायची आणि तिचा हात आपोआप कमरेकडे जायचा. फोन तिथं नसायचा. टेबलावर असायचा, तिकडची सिम घातलेला, गप्प. लाटताना तिचं लाटणं थांबायचं.

"काय झालं आई?" मयुरी विचारायची.

"काही नाही वं. हात भरून आला."

व्हिडिओ कॉल रविवारी व्हायचा. मधे कधी झाला तर झाला. हेमराज नानाजींसमोर फोन धरायचा. मागे त्याची बायको काजल, तिच्या कडेवर धाकटा. सगळे एकदम बोलायचे. बाळ दाखव, बाळाचं नाक कोणावर गेलं, थंडी किती आहे, तिखट पुरलं का. कौशल्या गर्दीतून विचारायची, "अजी, जेवलात का?"

"जेवले, जेवले, दोन पोळ्या खाल्ल्या," काजल सांगायची.

नानाजी पडद्याकडे बघायचे, पण कौशल्याकडे नाही. कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा चेहरा छोटा दिसत असे, तिकडे बघायचे. हा कोण म्हातारा, असं. ती म्हणायची, "इकडे पाहा ना, मी इकडे आहे." ते म्हणायचे, "हो." आणि कोपऱ्यातच बघत राहायचे.

फोन बंद झाल्यावर ती कधी कार्डावरचा व्हिडिओ लावायची. अवं, जेवली का तू? तिकडच्या त्या शांत खोलीत तो आवाज फार मोठा वाटायचा. ती आवाज कमी करायची, फोन कानाला लावायची आणि मनात म्हणायची, जेवली.

एकदा तिला वाटलं, करंड्यातली सिम काढून घालून बघावी. नुसती एका संध्याकाळपुरती. पण पिन कुठं टोचायची, कुठली सिम काढायची, तिकडची बंद पडली तर जावई काय म्हणेल. मयुरीला सांगावं तर कारण सांगावं लागेल. मयुरी हसली नसती. मयुरी रडली असती, आणि ओल्या बाळंतिणीला रडवायचं नव्हतं. करंडा तिनं पुन्हा मिटला.

परत येताना नागपूरच्या विमानतळावरच तिनं हेमराजला सिम बदलायला लावली. "अवं घरी तं चाल आधी," तो म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. फोन हातात धरून ती गाडीत बसली. थोड्या वेळानं मेसेज आला, टुणकन. मग दुसरा, तिसरा. तिनं फोन हेमराजपुढे धरला.

"वाच रे काय आहे."

हेमराजनं सिग्नलला फोन घेतला. "कंपनीचे आहेत. परदेशात जाताय का, पॅक घ्या म्हणते." तो हसला. "आता सांगून राहिली."

"अजून काही नाही?"

"अजून कोणाचं असेल?"

नानाजी खाटेवर बसले होते. दाढी केलेली, अंगावर धुतलेला सदरा. काजलनं त्यांना नीट जपलं होतं, गालावर थोडं मांसही आलं होतं. कौशल्या समोर येताच त्यांचा चेहरा उजळला. "हो, हो," ते म्हणाले. तिनं त्यांच्या हाताला हात लावला. सगळं ठीक होतं. तिला वाटलं, आपण उगाच काळीज जाळत बसलो.

दोन दिवस आराम करून ती धंतोलीला गेली. अनुसयानं तिच्याकडून जर्मनीच्या सगळ्या गोष्टी वदवून घेतल्या. "तिथल्या बायका पोळ्या लाटत नाहीत? मग दिवसभर करतात तरी काय वं?" संध्याकाळ झाली. पंगतीची पानं मांडली गेली. कौशल्या एक पोळी लाटायची, कमरेचा फोन चाचपायची. दुसरी लाटायची, पुन्हा चाचपायची. अनुसयाही बोलायची थांबली. शेवटी कौशल्यानंच घंटी मारली. पूर्वी तिची घंटी गेली की नानाजी लगेच कापायचे. आता ती वाजत राहिली. वाजून वाजून आपोआप बंद झाली.

"झोपले असतील," अनुसया म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी कौशल्यानं काजलला विचारलं. काजल चहा गाळत होती.

"बाबाचा फोन बिघडला का वं?"

"नाही आई, फोन चांगला आहे. तुम्ही कामावर गेल्या की त्यांच्या हातातच देते मी. तुमचा फोन वाजते तं ते पाहत राहतात त्याकडे. उचलत नाहीत, बंदही करत नाहीत." काजलनं कप पुढे केला. "सुरुवातीले तं रोज लावत होते तुम्हाले. तुम्ही गेल्या ना, त्याच दिवसापासून."

कौशल्याच्या हातातला कप तसाच राहिला. "रोज?"

"हो ना. संध्याकाळ झाली की. ते बाई बोलते ना त्यात, नंबर बंद आहे म्हणून, आधी हिंदीत, मग इंग्रजीत, तिचं सगळं ऐकून घेत. तिले 'हो' म्हणत. मग पुन्हा लावत. पुन्हा ते बाई, पुन्हा बाबाचं 'हो'. आम्हाले हसूही ये आणि वाईटही वाटे. हे म्हणाले त्याईले, बाबा, आईचा नंबर बंद आहे, लागत नाही. तरी काही ऐकत नव्हते."

"मग?"

"मग एक दिवस मी भांडे घासून राहिली होती, तं आले भिंत धरत धरत. खिशातला फोन माह्या हातात दिला आणि चालले गेले. त्या दिवसापासून नाही लावला कधी." काजल तिच्याकडे बघून घाबरली. "तुम्हाले सांगतलं नाही मी. म्हटलं तिकडे काहून जिवाले घोर. काही चुकलं का आई?"

"नाही गं बाई. तू काहून चुकशीन?"

चहा तिनं तसाच ठेवला. चप्पल घालून कोपऱ्यावर गेली. विक्की शटर वर करत होता.

"अरे काकू! आल्या का? चॉकलेट आणलं का आमच्यासाठी?"

"आणलं. विक्की, मले एक सांग." तिनं या वेळी इकडेतिकडे पाहिलं नाही. "ही सिम तिकडे माह्या फोनमध्ये असती. पॅक नाही, काही नाही. अन कोणी नुसती घंटी मारली असती, मी उचललीच नसती. तं किती लागले असते?"

विक्कीनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. "काही नाही काकू. उचलला तरच पैसे. रोमिंग चालू करून ठेवलं असतं अन सिम आत असती, बस. नुसत्या घंटीले कोणता पॅक लागते?" मग त्याला आठवलं. "मी म्हटलं होतं ना, ते कार्ड काढा म्हणून. काहून, कोणाचा महत्त्वाचा फोन राहिला का?"

"नाही," कौशल्या म्हणाली. "असंच विचारलं."

त्या दिवशी ती कामावर गेली नाही. दुपारी नानाजी खाटेवर बसून उन्हाची तिरीप बघत होते. ती समोर भिंतीला पाठ लावून बसली, जिथं एकेकाळी रहाट असायचा. काजल पोराला घेऊन बाहेर गेली होती. घरात दोघंच होती.

त्यांना समजावून सांगायला तिच्याकडे पुष्कळ होतं. मी फोन बंद नव्हता केला. मी तुमचा आवाज सोबत नेला होता, आणि तो ठेवायला तुमची घंटी काढून ठेवावी लागली. पण एवढं सगळं बोलून झाल्यावर ते काय म्हणणार, ते तिला माहीत होतं. आणि त्या 'हो'मध्ये नेमकं काय आहे, ते समजलं की विसरले, रुसले की त्यांनी सोडून दिलं, ते आता तिला कधीच कळणार नव्हतं.

ती उठली नाही. हात लांब करून तिनं खाटेच्या लाकडी पायावर बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं. टक.

नानाजींनी मान वळवली. तिच्याकडे नीट बघितलं. कपाळावर बारीक आठी आली. कुठंतरी कधीतरी ऐकलेलं काही शोधत असावेत, असं तिला क्षणभर वाटलं. त्यांचा डावा हात खाटेच्या कडेवरच होता, लाकडापासून वीतभर दूर.

तो हलला नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, ती पुढे काही बोलेल म्हणून ऐकून घ्यायला थांबल्यासारखे, जसे त्या फोनमधल्या बाईसाठी थांबत असतील. मग अगदी शहाण्यासारखे, हळू म्हणाले, "हो."

"हो जी," कौशल्या म्हणाली, आणि हात लाकडावर तसाच ठेवून बसून राहिली.